समुद्राकडे पाठ

"तुमचा समुद्र बघून झाला असेल, तर मी आतल्या खोलीतला दिवा लावते," असे किनाऱ्यावरच्या एका छोट्या चित्रसंग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य पुढे सुट्टीभर माझ्या मनातून हलले नाही. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कागदावरच्या चित्रांना उजेड सोसत नाही, म्हणून आतल्या दालनातला दिवा कुणी आले की लावायचा आणि ते गेले की मालवायचा, अशी तिथली पद्धत होती. मी मात्र बराच वेळ दोन दालनांमधल्या मोठ्या खिडकीपाशी उभी होते. भर दुपारचा समुद्र त्या काचेतून इतका पांढरा दिसत होता की लाटांची हालचालही डोळ्यांना कळत नव्हती. त्या खिडकीशेजारीच बाईंची खुर्ची होती. दिवसभर बसायची जागा, एवढ्या जवळ एवढी खिडकी, आणि तरीही खुर्ची आतल्या दालनाच्या भिंतींकडे तोंड करून ठेवलेली. समुद्र त्यांच्या पाठीशी होता. हे मला आधी विचित्र वाटले, मग थोडे दुःखद वाटले, आणि त्यानंतर त्यांचे ते वाक्य आले.

समुद्रकिनारी सुट्टीला गेलेल्या माणसाने चित्रसंग्रहालयात जावे की नाही, याबद्दल बरोबरच्या लोकांमध्ये नेहमीच थोडी कुरकुर असते. इतक्या लांब येऊन पुन्हा चार भिंतींच्या आत कशाला जायचे, हा प्रश्न खोटा नाही. पण किनाऱ्यावरच्या दुपारी एक वेळ अशी येते की उन्हाने कातडी ताणल्यासारखी होते, केसांत मीठ वाळते, पुस्तकाच्या पानावरचा प्रकाश डोळ्यांना टोचू लागतो, आणि ज्या समुद्रासाठी आपण आलो त्याच्याकडे पाहणेच नकोसे होते. अशा वेळी मी आत शिरले. पायांखाली गार फरशी लागली, चपलेतली वाळू त्या फरशीवर किरकिरली, आणि समोरच्या भिंतीवर काय आहे ते काही केल्या दिसेना. सगळी चित्रे तपकिरी, सगळ्या चौकटी काळ्या.

याला शरीराचे साधे कारण आहे. लक्स या उजेड मोजायच्या एककात उघड्यावरच्या भर उन्हाची तीव्रता सुमारे 1 लाख असते. जलरंग आणि रेखाटने यांसाठी संग्रहालये साधारण 50 लक्सची मर्यादा पाळतात, कारण त्याहून अधिक उजेडात रंग लवकर फिकटतात आणि एकदा उडालेला रंग पुन्हा आणता येत नाही. एवढ्या प्रखरतेतून एवढ्या मंद उजेडात आलेल्या डोळ्यांना स्थिरावायला काही मिनिटे लागतात, आणि काळोखाला पूर्णपणे सरावायला तर अर्धा तासही लागू शकतो. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात आपण रस्ता, दार, तिकीट, जिना असे टप्प्याटप्प्याने उजेड सोडत आत जातो. किनाऱ्यावरच्या छोट्या संग्रहालयात दार उघडले की चित्र समोर असते आणि डोळे अजून वाळूतच असतात. मला वाटते, सुट्टीतले कितीतरी लोक अशा संग्रहालयातून पाच मिनिटांत बाहेर पडतात आणि तिथे काही विशेष नव्हते असे सांगतात, त्यामागे त्यांची अनास्था नसून हे न थांबलेले डोळे असतात.

बाहेरचे दालन पाहुण्या चित्रकारांचे होते. वर्षानुवर्षे त्या गावी उन्हाळा काढायला आलेल्यांनी मागे ठेवलेली किंवा त्यांच्याकडून विकत घेतलेली तैलचित्रे. त्यात समुद्रच समुद्र होता. सकाळचा, संध्याकाळचा, वादळाआधीचा, शिडांसह आणि शिडांवाचून. काही चित्रे फार चांगली होती, हे मला नीट सांगितले पाहिजे, कारण पाहुण्याच्या नजरेला कमी लेखणे सोपे असते आणि ते मला मान्य नाही. पत्र्याची, दाबून रंग काढायची नळी 1841 मध्ये आली, आणि तिच्यामुळे तैलरंग घेऊन उघड्यावर बसणे सुकर झाले. त्यानंतर समुद्रावर चित्रे काढायला आलेल्या माणसांनी खरोखर वारा खाल्ला आहे. क्लोद मोने या चित्रकाराने 1870 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर आपल्या पत्नीचे चित्र काढले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या त्या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. व्हॅन गॉगने 1882 मध्ये नेदरलँड्समधल्या स्केव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर काढलेल्या समुद्राच्या चित्रातही वाळू आहे, आणि ती इतकी चिकटत होती की त्याला रंग खरवडून काढावा लागला. ते चित्र 2002 मध्ये आम्स्टरडॅममधून चोरीला गेले आणि 2016 मध्ये इटलीत सापडले. चोर, तळघरे, पोलीस, तज्ज्ञ या सगळ्यांच्या हातून ती किनाऱ्यावरची वाळू प्रवास करून परत आली, याचे मला राहून राहून नवल वाटते. पाहुणा काही दिवसांसाठी आला म्हणून त्याचे पाहणे उथळ, असे मानता येत नाही. ज्याच्याजवळ दिवस थोडे असतात तो कधीकधी अधिक अधाशीपणे पाहतो, आणि त्या अधाशीपणातूनही चित्र होते.

मग बाईंनी आतला दिवा लावला.

आतले दालन गावातल्या माणसांचे होते. लहान लहान कागद, बहुतेक जलरंग, काही शाईची रेखाटने, एक-दोन पेन्सिलची. एका चित्रात दगडी जिना होता, तिसऱ्या पायरीचा कोपरा झिजून खोलगट झालेला, आणि त्या खोलगट जागेत पाण्याचा ओला काळा डाग. एकात जाळ्यांचा ढीग होता, पण तो किनाऱ्यावर नव्हता. घरामागच्या अंगणात, भिंतीला टेकून, आणि त्यावर कुणाचा तरी सदरा वाळत टाकलेला. एकात फक्त दार, आतून पाहिलेले, फटीतून आलेला उजेडाचा पट्टा जमिनीवर, आणि त्या पट्ट्यात एका खुर्चीचा पाय. म्हातारीचे हात होते. आजारी माणसाचा पलंग होता. भिंतीवरून सरकत गेलेल्या ओलीचा नकाशा होता, आणि तो इतक्या प्रेमाने रंगवला होता की तो घराचा दोष वाटण्याऐवजी घरातला एक रहिवासी वाटत होता. मी एक फेरी घातली, मग दुसरी घातली, आणि दुसऱ्या फेरीत लक्षात आले की या खोलीत समुद्र कुठेच नाही. एकाही कागदावर क्षितिजाची रेघ नव्हती.

मला तेव्हा चित्रकर्ती ॲना अंकर आठवली. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या उजेडासाठी चित्रकार उन्हाळ्यात येऊन राहू लागले आणि त्या गावाचे नाव झाले. त्या प्रमुख मंडळींमध्ये मूळची तिथलीच अशी एकटी ॲना. तिचा जन्म 1859 चा, आणि हे चित्रकार ज्या खानावळवजा हॉटेलात उतरत तेच तिचे माहेर. पाहुण्यांपैकी पेडर सेव्हरिन क्रॉयर याने 1893 मध्ये काढलेले एक चित्र जगभर पोचले आहे. उन्हाळ्यातली संध्याकाळ, निळा पडत चाललेला समुद्र, आणि ओल्या वाळूच्या काठाने पाठमोऱ्या चाललेल्या दोन स्त्रिया. त्यांतली एक क्रॉयरची पत्नी मारी, आणि दुसरी ॲना. म्हणजे पाहुण्याच्या चित्रात ती समुद्राकाठी चालते आहे, लांब फिकट कपड्यांत, त्या निळाईचाच एक भाग होऊन. त्याच्या दोन वर्षे आधी, 1891 मध्ये, तिने स्वतः जे चित्र काढले त्यात तिची लहान मुलगी हेल्गा एका निळ्या खोलीत बसली आहे, हातातल्या कामात गढलेली, आणि खिडकीतून आलेले ऊन भिंतीवर पडले आहे. ती खोली ॲनाच्या आईची. समुद्र हाकेच्या अंतरावर असणार, पण चित्रात तो नाही. सगळे चित्र त्या भिंतीवरच्या उन्हाचे आहे.

ही दोन्ही चित्रे आज स्कागेनच्या संग्रहालयात आहेत. 1908 मध्ये ते संग्रहालय सुरू झाले ते त्याच हॉटेलच्या जेवणघरात, आणि पुढे ते जेवणघरच, भिंतींवरच्या चित्रफलकांसकट, 1946 मध्ये संग्रहालयात आणून बसवले गेले. मला क्रॉयरचे चित्र आवडते. ते पाहताना संध्याकाळचा गारवा अंगावर येतो. पण ॲनाचे चित्र पाहताना मला एक गोष्ट कळते जी क्रॉयरकडून कळणे शक्य नव्हते. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या घरात समुद्राचा उजेड रोज येतो, भिंतीवर चढतो, उतरतो, आणि त्याची ओळख इतकी जुनी असते की तो पाहायला बाहेर जावे लागत नाही. लग्न झालेल्या स्त्रीने घराकडे पाहावे, चित्रकला सोडावी, असा तो काळ होता, आणि तिने चित्रकला सोडली नाही. घराकडे मात्र तिने खरोखरच पाहिले. इतके नीट पाहिले की घर हाच तिच्या चित्रांचा मोठा विषय झाला.

तरीही स्थानिक माणूस समुद्र काढत नाही आणि पाहुणा तेवढा काढतो, अशी सरळ विभागणी मी करू लागले की आल्फ्रेड वॉलिस आडवा येतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सेंट आइव्ह्ज गावातला हा माणूस. त्याच्या उमेदीच्या काळात त्याने समुद्रावर काम केले, नंतर भंगार आणि बोटींचे सामान विकले, आणि 1922 मध्ये बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, एकटेपणाला सोबत म्हणून तो चित्रे काढू लागला. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे आणि बोटींना लावायचे रंग एवढेच त्याचे साहित्य. त्याच्या चित्रात समुद्र भरपूर आहे, पण तो कधी दृश्य म्हणून समोर पसरलेला नसतो. बोट मोठी, कारण बोट महत्त्वाची. घरे लहान, कारण ती मागे राहिलेली. दीपगृह जितके मोठे असायला हवे तितके मोठे. बंदराचे तोंड वरून पाहिलेले, बोट बाजूने पाहिलेली, आणि दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर. किनाऱ्यावर बसून पाहणाऱ्याला असा समुद्र दिसत नाही. ज्याला त्यातून परत यायचे असते त्याला तो असा लक्षात राहतो. वॉलिसच्या समुद्राला राखाडी, काळा, तपकिरी, हिरवा, मातकट पांढरा असे मोजकेच रंग पुरतात. पाहुण्यांच्या दालनातली निळाई तिथे जवळजवळ नाही.

उलट्या बाजूचे उदाहरणही आहे. यूजीन बूदँ हा फ्रान्सच्या ऑन्फ्लर बंदरातल्या खलाशाचा मुलगा, जन्म 1824 चा. त्याने किनाऱ्यावर उभे राहून सुट्टीला आलेल्या श्रीमंत पाहुण्यांचीच चित्रे काढली. घेरदार झगे, छत्र्या, वाळूत रुतलेल्या खुर्च्या, आणि त्यांच्या डोक्यावर अफाट आकाश. त्या चित्रांत माणसे तळाशी एका पट्ट्यात असतात आणि बाकी सगळे ढग. आपण समुद्र पाहायला येतो तेव्हा गावातले कुणीतरी आपल्याला पाहत असते, हे मला बूदँच्या चित्रांपुढे प्रथम जाणवले आणि त्या जाणिवेने मी थोडी अवघडले. त्याच्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवत असे, आणि 1859 मध्ये बोदलेर या कवीने त्या नोंदींचे मुद्दाम कौतुक केले होते. तरुण मोनेला उघड्यावर बसून चित्र काढायला शिकवले तेही बूदँनेच. म्हणजे त्रूव्हिलच्या त्या वाळूच्या कणांपर्यंत मोनेला घेऊन जाणारी वाट एका बंदरातल्या मुलाने दाखवली होती. ऑन्फ्लरमध्ये आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

इथे मला एक गोष्ट खुपते. वॉलिसची चित्रे आपल्यापर्यंत पोचली, कारण 1928 मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन बाहेरचे चित्रकार त्याच्या उघड्या दारावरून चालले होते. ते थांबले, आत डोकावले, आणि त्यांनी चित्रे घेतली. तो मात्र गरीबच राहिला आणि 1942 मध्ये निराधारांच्या वसतिगृहात वारला. आज सेंट आइव्ह्जच्या पोर्थमिओर किनाऱ्यासमोर टेट संस्थेचे संग्रहालय आहे. 1993 मध्ये उघडलेली ती इमारत जुन्या गॅस कारखान्याच्या जागी उभी आहे, आणि तिच्या जवळच्याच चढावरच्या दफनभूमीत वॉलिसची कबर आहे. बर्नार्ड लीच या कुंभारकलेतल्या मोठ्या कलावंताने तिच्यासाठी फरश्या केल्या. त्यांवर दीपगृह आहे. पाहुण्याने ओळखल्याशिवाय गावकऱ्याचे काम उरू नये, हे मला अन्यायाचे वाटते. पण पाहुण्याने ओळखले नसते तर ते उरलेच नसते, हेही खरे आहे, आणि या दोन गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत.

पाहुणे फक्त नेतात असेही नाही. 1946 च्या शरदात फ्रान्समधल्या आंतीब गावी पिकासोला समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्यात काम करायला जागा मिळाली. युद्ध नुकतेच संपले होते, कॅनव्हास मिळत नव्हता. त्याने प्लायवुड आणि सिमेंटचे पत्रे घेतले आणि बोटींना लावायच्या रंगांनी चित्रे काढली. वॉलिस गरिबीमुळे ज्या रंगाकडे गेला, त्याच रंगाकडे पिकासो टंचाईमुळे गेला. तिथे केलेली 23 चित्रे आणि 44 रेखाटने त्याने त्या गावालाच ठेवायला दिली. ती आजही त्याच इमारतीत आहेत, खाली तोच समुद्र.

मला छोट्या संग्रहालयांची किंमत इथे वाटते. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पाहुण्यांचा समुद्र पोचतो, कारण तो प्रवास करणाऱ्यांनी काढलेला असतो आणि प्रवास करणाऱ्यांनाच ओळखीचा वाटतो. दगडी जिना, वाळत टाकलेला सदरा, भिंतीवरची ओल यांना गावाबाहेर कोण नेणार? ती ज्या खोलीत आहेत ती खोली बंद झाली, तर ती दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर जाणार नाहीत. आणि अशा खोल्या सहज बंद होतात. माणसे बाहेरचे दालन पाहतात, खिडकीपाशी छायाचित्र काढतात, आतला दिवा न लागताच निघून जातात.

दिवा लागल्यावर मी आत बराच वेळ राहिले, आणि बाहेर आल्यावर बाईंना त्यांच्या खुर्चीबद्दल विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मला पुन्हा आत नेले आणि त्या जिन्याच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्याजवळ बोट धरले, काचेला न लावता. तिथे फिकट तपकिरी ठिपके होते. मी दोन फेऱ्या घालूनही ते पाहिले नव्हते, किंवा पाहिले असतील तर दगडाचाच पोत समजून सोडून दिले होते. खाऱ्या हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते, खिळे आणि चौकटींच्या पट्ट्या गंजवते, आणि खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की कागदावर बुरशी धरू लागते. असे ठिपके आधी थोडेसेच उठतात, मग कागदावर पसरतात. ते सुरुवातीलाच दिसले तर चित्र उतरवून दुरुस्तीला पाठवता येते, उशीर झाला तर चित्राचाच भाग गमवावा लागतो. दिवा लागला की खुर्चीतून आतल्या दालनाच्या दोन्ही भिंतींवरची चित्रे दिसतात, आणि रोज पाहणाऱ्याला काल नसलेला ठिपका आज लगेच कळतो, असे त्या म्हणाल्या. खिडकीकडे तोंड केले तर उजेडाने डोळे दिपतात, आणि मग आत आल्यावर बारीक काही दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले होते, पण त्या तसे म्हणाल्या नाहीत.

तेव्हा मला त्या खोलीत समुद्र दिसला. एकाही चित्रकाराने तो काढला नव्हता, आणि तरी त्या पायरीवरचा ओला डाग, भिंतीवरचा ओलीचा नकाशा, दाराच्या फटीतून आलेला खारट पांढरा उजेड हे सगळे त्याचेच होते. आता तो चौकटीच्या आत, कागदाच्या धाग्यांपर्यंत आला होता. गावातल्या माणसांना तो असाच भेटत असणार: घराच्या भिंतीतून, गंजलेल्या बिजागरीतून, न वाळणाऱ्या कपड्यांतून, आणि कधीकधी घरी परत न आलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीतून. ज्याच्याशी असा रोजचा झगडा आहे त्याची रेघ क्षितिजावर काढावीशी वाटली नाही, तर त्यात उदासीनता नाही. त्यांनी त्याच्या खुणा काढल्या, आणि खुणा काढणे हे मला लाट काढण्यापेक्षा अवघड वाटते.

जिन्याचे चित्र लवकरच उतरवले जाणार होते आणि काही महिने ती जागा रिकामी राहणार होती. त्याच्याखालच्या चिठ्ठीवर चित्रकर्तीचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि 'कागदावर जलरंग' एवढेच होते. बाहेरच्या दालनात एकेका पाहुण्याबद्दल परिच्छेदभर मजकूर होता: कुठे शिकला, कुणाचा मित्र, किती उन्हाळे आला. मी बाईंना विचारले तेव्हा त्यांना त्या चित्रकर्तीबद्दल कितीतरी माहिती होती. ती काय काम करत असे, तो जिना कोणत्या घराचा, ते घर आता आहे की नाही, तिसऱ्या पायरीवर पाणी का साचत असे. यातले काहीच कुठे लिहिलेले नव्हते. अभिप्रायाच्या वहीत आधीच्या पानांवर खिडकीचे आणि तिच्यातून दिसणाऱ्या समुद्राचे कौतुक भरभरून होते. मी जिन्याबद्दल लिहिले, आणि बाईंना जे ठाऊक आहे ते त्यांच्याकडून लिहून घेऊन, चित्र दुरुस्त होऊन परत येईल तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर छापावे, अशी विनंती केली.